फ्रिज नसलेल्या घरातली चुंबकचित्रे



दिवाळीची सुट्टी जवळ आली की दोन प्रश्न आमच्याकडे हमखास येतात. पहिला म्हणजे, घरातल्या लहान मुलांना मोबाइल सोडून दुसरे काय द्यावे? दुसरा, वस्तीवरच्या मुलांसाठी काय पाठवू? या अंकाचा धडा दोन्ही प्रश्नांना मिळून आहे. तो आहे चुंबकचित्रांचा. आपल्या फ्रिजच्या दारावर गॅस एजन्सीचा नंबर, महाबळेश्वरची आठवण किंवा नातवाचा फोटो धरून ठेवणारे जे छोटे मॅग्नेट असतात, ते घरीच कसे करायचे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यात कसे गुंतवायचे आणि ते करताना कोणती एक चूक कधीही करायची नाही, एवढाच हा विषय आहे.

आम्ही सोलापूरजवळच्या ज्या वस्तीवर शनिवारी सकाळी मुलांचा वर्ग घेतो तिथे फ्रिज एकाही घरात नाही. वस्ती फासेपारधी कुटुंबांची आहे. घरे पत्र्याची आहेत, आमचा वर्गही पत्र्याच्याच खोलीत भरतो. गेल्या वर्षी आषाढात छपरातून गळती लागली आणि भिंतीवर खळीने चिकटवलेले अक्षरांचे तक्ते एकापाठोपाठ एक खाली आले. पत्र्याला खिळा मारता येत नाही, मारला तर तिथूनही गळते. त्या दिवशी भंगारातल्या स्पीकरचे काळे चुंबक एका मुलाच्या खिशात होते. त्याने ते सहज भिंतीला लावले. ते टक्कन बसले आणि खाली पडले नाही. वीस-बावीस मुलांचा गलका क्षणभर थांबला, मग प्रत्येकाला ते हवे झाले. मी त्या भिंतीकडे इतकी वर्षे गळणारी भिंत म्हणून पाहत होते. ती फ्रिजच्या दाराहून दहापट मोठी आहे हे त्या मुलाने दाखवले.

आधी शोधू द्या

घरी हा धडा घेताना कात्री-कागद लगेच काढू नका. पहिला दिवस नुसत्या शोधाचा ठेवा. मुलाच्या हातात एक मोठे, जाड चुंबक द्या आणि म्हणा, "जा, कशाकशाला चिकटते ते बघून ये." आपण मागून जायचे, पण बोलायचे नाही.

आमच्या मुलांनी तासाभरात अख्खी वस्ती तपासली. तवा चिकटला, विळी चिकटली, कुऱ्हाडीचे पाते चिकटले, पत्र्याची पेटी तर फारच छान चिकटली. जर्मनचे पातेले चिकटले नाही, पितळेचा तांब्या चिकटला नाही. वाद झाला तो स्टीलच्या ताटांवरून. एका घरातले ताट चिकटले आणि शेजारच्या घरातले तसेच दिसणारे ताट चिकटले नाही. दोन मुले भांडतच माझ्याकडे आली. खरे तर दोघांचेही बरोबर होते. स्टीलचे प्रकार असतात. ज्यात निकेल पुरेसे मिसळलेले असते त्या स्टीलला चुंबक साधारणपणे धरत नाही, ज्यात नसते त्याला धरते. नाण्यांचेही तसेच. हल्लीची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला येतात, पाचाचे पिवळे नाणे येत नाही. एवढ्या लहान मुलांना हे कारण सांगायची गरज नाही. "दोन्ही ताटे ठेवा, परत लावून बघा," एवढे पुरते. कोणती वस्तू कोणत्या ढिगात जाते हे त्यांनी स्वतः ठरवले की पुढे शाळेत कारण समजायला सोपे जाते.

वस्तीतल्या एका आजीने ते चुंबक घेतले आणि जमिनीवर सांडलेल्या सुया क्षणात गोळा करून दाखवल्या. शिंपी लोक हे रोज करतात, पण मुलांनी ते पाहिले नव्हते. त्यानंतर आजीचा मान वर्गात माझ्यापेक्षा जास्त झाला, हे कबूल करायला हवे.

चुंबक आणायचे कुठून

विकत आणायची गरज पडत नाही. फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात जा आणि दाराचे जुने रबर मागा. बहुतेक दुकानदार ते फेकून देतात. त्या पांढऱ्या किंवा करड्या रबराच्या आत लांब खोबण असते आणि तिच्यात साधारण एक सेंटिमीटर रुंदीची काळी, लवचिक पट्टी असते. रबराचे टोक कापून ती ओढली की वितभर, हातभर सळसळत बाहेर येते. ही पट्टीच आपले चुंबक. ती साध्या कात्रीने कापली जाते. साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून घ्या, कारण तिच्यावर वर्षांची बुरशी असते.

ही पट्टी म्हणजे रबरात किंवा प्लास्टिकमध्ये मिसळलेली फेराइटची पूड. तिच्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुव अरुंद पट्ट्यापट्ट्यांनी आलटून-पालटून असतात, शेतातल्या सऱ्यांसारखे. म्हणून तिची ओढ अगदी जवळ असते आणि थोडे अंतर पडले की संपते. बऱ्याच पट्ट्यांची एक बाजू चांगली धरते, दुसरी कमी. कापण्यापूर्वी कपाटाला दोन्ही बाजूंनी लावून पाहा आणि चांगल्या बाजूवर पेनने खूण करा. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून हळूच सरकवले तर बोटांना टक-टक-टक असे धक्के बसतात. त्या सऱ्याच आपल्याला जाणवतात. आमच्या वर्गात या एका खेळात अर्धा तास जातो.

फ्रिजच्या दारात चुंबक कसे आले ही गोष्ट मोठ्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. पूर्वीच्या फ्रिजला बाहेरून खटक्याची कडी असे. दार एकदा लागले की आतून उघडत नसे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुले अडकून गुदमरून मेली. अमेरिकेत अशा घटना इतक्या झाल्या की १९५६ मध्ये तिथे कायदाच करावा लागला, की घरगुती फ्रिजचे दार आतून ढकलून उघडता आले पाहिजे. त्यानंतर खटके गेले आणि रबरातली चुंबकपट्टी सगळीकडे आली. आपल्याकडे जुना फ्रिज भंगारात देण्यापूर्वी अंगणात पडून असेल तर आधी त्याचे दार काढून ठेवा. रबर आम्हाला द्या.

स्पीकरमधले मोठे काळे कडेही उत्तम, पण ते शोधाच्या खेळापुरते अखंडच वापरा. हातोडीने फोडून त्याचे तुकडे करू नका. ते मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ असते, कपचा उडून डोळ्यात जातो. कॅलेंडरवाल्यांचे, दुकानांचे जाहिरातीचे जुने मॅग्नेट असतील तर तेही चालतात, त्यांवर नवीन चित्र चिकटवले की झाले.

एक पार्सल, जे आम्ही उघडून परत बांधले

आता ती चूक. चुंबकांचा खेळ सुरू झाल्याचे कळल्यावर एका हितचिंतकाने प्रेमाने एक डबी पाठवली. तिच्यात वाटाण्याएवढे चकचकीत चंदेरी गोळे होते, एकमेकांना माळेसारखे चिकटणारे. मोठी माणसेसुद्धा हातातून सोडत नव्हती. शनिवारी सकाळी ते वाटायचे असे मीच ठरवले होते. आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीतील एका परिचारिका भगिनीने ते पाहिले आणि डबीचे झाकण लावून आपल्या पर्समध्ये टाकली. मला तेव्हा राग आला होता.

त्यांनी जे समजावले ते असे. हे गोळे निओडिमियमचे असतात आणि आकाराच्या मानाने त्यांची ताकद फार असते. मुलाने एक गिळला तर तो बहुधा शौचावाटे निघून जाईल. पण दोन गिळले, किंवा एक आता आणि एक थोड्या वेळाने गिळला, तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात. मध्ये सापडलेली आतड्याची भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि तिला भोक पडते. सुरुवातीला मुलाला नुसती ओकारी होते, पोट दुखते. घरचे म्हणतात, काही बाधले असेल. जगभर अनेक मुलांवर यासाठी शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आहेत आणि काही मुले दगावलीही आहेत.

वस्तीवरून मोठ्या दवाखान्यात पोचायला आम्हाला रिक्षा मिळेपर्यंतच तास जातो. बाधले असेल म्हणून रात्र काढणारी आई तिथे प्रत्येक घरात आहे, आणि तिचा दोष नाही.

म्हणून नियम सरळ आहेत आणि त्यांत सवलत नाही. चंदेरी, चकचकीत, छोटे चुंबक मुलांच्या हाती नको, मग ते खेळण्यातले असोत, इअरफोनमधून काढलेले असोत किंवा संगणकाच्या जुन्या डिस्कमधले असोत. रबराची पट्टी कमकुवत असते, तरी तिचाही सुटा तुकडा मुलाकडे देऊ नका, तो घशात अडकू शकतो. चित्र तळहाताएवढे मोठे करा आणि चुंबक त्याच्या पोटात बंद करा. खेळ संपला की चित्रे मोजून ठेवा. मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी केळी-भात खाऊ घालून वाट पाहू नका. तसेच उचला, सरकारी इस्पितळ गाठा आणि दारातच सांगा की चुंबक गिळले आहे, एकाहून जास्त असू शकतात. एक्स-रे लगेच हवा.

ती डबी आम्ही परत पाठवली, सोबत हेच सगळे लिहून. त्या हितचिंतकाने नंतर फोन केला आणि आपल्या नातवाकडची तशीच डबीही काढून घेतल्याचे सांगितले.

पीठ, लगदा आणि लग्नपत्रिका

चित्र कशाचे करायचे यात आम्ही दोनदा फसलो. बालवाडीच्या पुस्तकांत मैदा, मीठ आणि पाणी मळून त्याच्या आकृत्या करायला सांगतात. दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ, लागेल तसे पाणी. उन्हात वाळवल्या की या आकृत्या खरोखर दगडासारख्या होतात. आपल्या घरी हे जरूर करा. आमच्याकडे आम्ही ज्वारीच्या पिठाने केले, कारण सोलापूर म्हणजे ज्वारी. सगळे बैल आणि सगळ्या चिमण्या दुसऱ्या दिवशी तडकून पडल्या होत्या. गव्हात जो चिकटा असतो तो ज्वारीत नसतो. भाकरी थापणाऱ्या कोणत्याही बाईने हे मला आधीच सांगितले असते, पण मी विचारले नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मैदा घेऊन गेले तर आया दारात उभ्या राहिल्या. त्यांनी भांडण केले नाही. एकजण एवढेच म्हणाली, "बाई, हे खेळायला का खायला?" त्या दिवशी त्या घरात सकाळची भाकरी झालेली नव्हती, हे मला नंतर कळले. मैद्याची पिशवी आम्ही तिथेच ठेवून आलो आणि वस्तीवर पिठाचा खेळ पुन्हा केला नाही.

मग कागदाचा लगदा. पूर्वी आपल्या आज्या रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीची पूड घालून टोपल्या करायच्या, तीच रीत. लगद्याचे ससे सुंदर झाले, पण जड झाले. पट्टीच्या चुंबकाला तो भार पेलेना आणि ससे रात्रभरात जमिनीवर आले. शेवटी सर्वांत साधी गोष्ट टिकली, ती म्हणजे पुठ्ठा. आणि सर्वांत चांगला पुठ्ठा, वाचकहो, तुमच्या घरात पडून आहे. लग्नपत्रिका! जाड, गुळगुळीत, एका बाजूने कोरी. पत्रिकेवर गणपती किंवा कुलदैवताचे नाव असते. दुसऱ्याच्या दैवताला आपली कात्री लागू नये, म्हणून तो भाग आम्ही बाजूला काढून ठेवतो आणि उरलेला वापरतो.

कृती अशी. पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा घ्या. मागच्या बाजूला पट्टीचे पाच-पाच सेंटिमीटरचे दोन तुकडे, एक वर आणि एक खाली, खुणेची बाजू बाहेर ठेवून बसवा. त्यांच्यावर वर्तमानपत्राचा एकच पदर खळीने पूर्ण चिकटवा, कडा पुढच्या बाजूला दुमडून घ्या. एकच पदर, कारण दोन-तीन झाले की ओढ कमी होते आणि चित्र घसरते. रात्रभर वजनाखाली वाळू द्या. एवढे काम मोठ्यांचे. सकाळी कोरी बाजू मुलाची.

खळ घरीच शिजवा. आम्ही चिंचोक्याची करतो. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवायचे. सांगोल्याकडे घोंगडीला याच खळीची पांजण देतात, म्हणून ती किती घट्ट बसते याची खात्री आम्हाला होती. आणि चिंचोके कोणाच्या ताटातले नसतात. फक्त एक सांगते. पुस्तके बांधणारे लोक खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे. बाइंडरकडची तयार खळ मुलांसाठी आणू नका.

भिंतीवर कोणाचे नाव

आता चित्रे कसली काढायची. माझ्या हातात आधी तयार तक्ते होते, त्यांत सफरचंद, विमान, आगगाडी. मुलांनी ती रंगवली आणि विसरली. मग मी सुचले म्हणून प्रत्येकाच्या नावाची पट्टी केली. मुलाने आत यायचे, आपले नाव उचलायचे आणि भिंतीवर लावायचे. शहरातल्या बालवाड्यांत असे करतात, मुलांना आपले नाव ओळखता येते. दुसऱ्याच शनिवारी सुया गोळा करणाऱ्या त्याच आजी आत आल्या, नातवाची पट्टी भिंतीवरून काढली आणि पदराखाली घेतली.

"बाई, लेकराचं नाव भिंतीला कशाला लावता?"

"आजी, तो आलाय हे कळावं म्हणून."

"तेच म्हनते मी. नाव लिवून घेतलं की हजेरी लागते."

मला उत्तर सुचले नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला होता. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. आत राहणाऱ्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. काही वर्षे त्या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनीही पाहिला. तिथे शाळा होत्या, कामधंदा शिकवला जाई, आणि तारही होती. मंडळीत आपण त्यातला पहिला भाग जास्त सांगतो. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सोलापूरच्या पत्त्यांत 'सेटलमेंट' हा शब्द आजही आहे. आजींनी स्वतः तार पाहिली की आईबापांकडून ऐकली, हे मी विचारले नाही.

नावाच्या पट्ट्या आम्ही त्याच दिवशी काढल्या. त्याऐवजी प्रत्येक मुलाने आपले चित्र आपण निवडायचे असे ठरले. कोणी शेळी घेतली, कोणी तितर, कोणी कुत्रा, एकाने कोयता, एका मुलीने नुसता निळा ठिपका घेतला आणि तो काय आहे हे अजून सांगितलेले नाही. येताना चित्र भिंतीवर, जाताना चित्र घरी. मी कोणाचीही नोंद त्यावरून करत नाही. आजी आता दारात बसून बघतात.

हे आम्ही नव्याने शोधले असे नाही. बालोद्यानाची कल्पना जर्मनीतल्या फ्रोबेल यांची, लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे मुलांच्या हाती देणारी. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आणली. पण वस्तीवरच्या मुलांसाठी आमच्या जास्त उपयोगी पडल्या त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेले. विकतची साधने परवडत नव्हती आणि त्या मुलांच्या ओळखीचीही नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचे नाव आणि कल्पना तिथलीच, सरकारची योजना १९७५ ची.

चित्रे झाल्यावर

खेळ शिकवावे लागत नाहीत. मुले चित्रे सरकवतात, रांग लावतात, उलटी करतात. आपण फार तर एक प्रश्न टाकावा. "ही शेळी कुठे चालली?" इतकेच. बरोबर-चूक असा खेळ करू नका, त्याला शाळा आहे.

पारधी मुलांची घरची बोली मराठी नाही, ती गुजरातीच्या जवळची आहे. सहा वर्षांचे मूल पहिलीत बसते तेव्हा बाईंचे निम्मे बोलणे त्याच्या डोक्यावरून जाते आणि बाईंना वाटते ते मंद आहे. आमच्याकडे एक मुलगी होती, जी दोन पावसाळे माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. एका शनिवारी तिने आपली शेळी, भावाचा कुत्रा आणि कोणाचा तरी कोयता भिंतीवर शेजारी लावले आणि धाकट्या भावाला काहीतरी सांगू लागली. शेळी पुढे सरकली, कुत्रा मागे गेला, कोयता वर गेला. दहा मिनिटे ती बोलत होती. मला अर्धेसुद्धा कळले नाही. इतर मुले मात्र हसत होती, आणि एका ठिकाणी सगळी गप्प झाली. मी त्यांच्यातल्या मोठ्या मुलीला विचारले, काय झाले? तर म्हणाली, शेळी विकली. ती मुलगी माझ्याशी अजूनही मोजकेच बोलते. पण आता वर्गात मराठी न येणारी व्यक्ती असते तशी पारधी न येणारीही एक असते, आणि ती मी आहे.

घरी आपल्या मुलांबरोबर करताना ही गोष्ट लक्षात ठेवा. आजोळची बोली वेगळी असेल तर आजीला त्या बोलीत चित्रांची नावे सांगू द्या. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये फ्रिजचे दार आहे, लोखंडी कपाट आहे, सेफ्टी डोअर आहे. काही नव्या फ्रिजच्या काचेच्या किंवा स्टीलच्या दाराला चुंबक चिकटत नाही. मग तव्याची मागची बाजू घ्या, एका मुलाला ती पुरते.

आणि पाठवायचे असेल तर हे पाठवा. फ्रिजच्या रबरातली पट्टी, धुतलेली. कोऱ्या पाठीच्या लग्नपत्रिका. चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे. जाड खडू, ते मेणाचे असोत किंवा तेलाचे. कापलेली चित्रे पाठवू नका, मुलांचे काम मुलांसाठी राहू द्या. चंदेरी चुंबक कोणत्याही आकारात नको.

दिवाळीनंतर वस्ती निम्मी रिकामी होते, काही कुटुंबे शेतराखणीला जातात, काही ऊसतोडीला. गेल्या वर्षी जाण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलीने भिंतीवरची चार चित्रे काढून घेतली आणि तिच्या आईने ती पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून लावली. माघात मला ते कुटुंब कारखान्याच्या रस्त्यावर भेटले. उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. ट्रॉलीच्या लोखंडी फाळक्याला, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक पुठ्ठा चिकटलेला होता. दवाने आणि धुळीने त्यावरचे चित्र पार गेले होते, मागचा वर्तमानपत्राचा पदर मात्र शाबूत होता. मी विचारले, हे काय? धाकट्या भावाने माझ्याकडे बघितले आणि मला समजावे म्हणून मुद्दाम मराठीत सांगितले, "शेळी हाय."